अस्तरपेशी तंतू विणायला लागतात तेव्हा: टीजीएफ-बीटाचा प्रयोग, कागदापासून निकालापर्यंत

मे महिन्यातली गोष्ट. बाहेर ४४ डिग्री, प्रयोगशाळेतला एसी दुपारी दोनच्या सुमारास बंद पडलेला, आणि ते कुणाच्या ध्यानातच आलेलं नाही. संध्याकाळी एक विद्यार्थिनी धावत आली. "मॅडम, झालंय बगा! पेशी लांब झाल्यात." मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. खरंच, एरवी शहाबादी फरशीसारख्या एकमेकींना घट्ट चिकटून बसणाऱ्या रक्तवाहिनीच्या अस्तरपेशी सुट्या झाल्या होत्या आणि चातीसारख्या निमुळत्या दिसत होत्या. टीजीएफ-बीटा हा वाढघटक, म्हणजे पेशींना संदेश देणारं प्रथिन, देऊन तिसरा दिवस होता, म्हणजे पुस्तकात लिहिल्याबरहुकूम.

"कंट्रोलची प्लेट बघितलीस?"

ती गप्प. कंट्रोलच्या, म्हणजे टीजीएफ-बीटा न दिलेल्या, पेशीही तशाच लांबल्या होत्या. पेशी ज्यात ३७ डिग्रीला ठेवतात त्या इन्क्युबेटरचा आकडा होता ३९.६.

कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर पेशींना ऊब देतो, गारवा देऊ शकत नाही. आत फक्त हीटर असतो. भोवतालची खोली ३७ पेक्षा निदान पाचेक डिग्रीने थंड असेल तरच तो ३७ वर टिकतो. खोली ३५ वर गेली की त्याच्या हातात काही उरत नाही. पुण्या-मुंबईत कुणी हे सांगत नाही, कारण तिथे ती वेळ क्वचित येते. सोलापुरात दरवर्षी येते.

त्या दिवशी ठरवलं की हे सगळं एकदा लिहून काढायचं. एम.एस्सी.चा प्रकल्प करणारे, पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला असलेले, किंवा पॅथॉलॉजीत एमडी करता करता पेशींकडे वळलेले, अशांसाठी. पेशींचा आकार बदललेला दाखवायला फार अक्कल लागत नाही. उष्णतेनेही बदलतो, उपासमारीनेही बदलतो. अमुक संदेशामुळेच बदलला आणि संदेश थांबवला की बदलही थांबतो, हे दाखवायचं असेल तर मात्र प्लेट आधी कागदावर मांडावी लागते.

पिपेट उचलण्याआधी: रस्ता समजून घ्या

टीजीएफ-बीटा १ हा वाढघटक पेशी सोडतात, पण कुलूप घालून. मूळ रेणू २५ किलोडाल्टनचा, दोन सारख्या साखळ्यांचा. त्याच्याभोवती एलएपी नावाचं वेष्टण आणि ते वेष्टण एलटीबीपी या प्रथिनाने पेशीबाहेरच्या तंतूंच्या जाळ्याला बांधलेलं. म्हणजे ऊतीत टीजीएफ-बीटाचा साठा कायम असतो, फक्त झोपलेला. त्याला जागं करणारे अनेक आहेत: प्लाझमिनसारखी विकरं, थ्रोम्बोस्पॉन्डिन-१, आम्लता, आणि पेशींच्या पृष्ठभागावरची इंटेग्रिन. इंटेग्रिनची रीत गमतीची आहे. ती वेष्टण धरून ओढते. जाळं मऊ असेल तर तेही सोबत ओढलं जातं आणि कुलूप निघत नाही. जाळं ताठ असेल तर वेष्टण ताणलं जाऊन उघडतं. ऊती जितकी कडक, तितका टीजीएफ-बीटा मोकळा, आणि तितकी ती आणखी कडक. फायब्रोसिस, म्हणजे ऊतीत तंतू साचून ती कडक होणं, एकदा लागला की आपल्याच बळावर का चालत राहतो, त्याचं एक कारण हे.

मोकळा झालेला रेणू पेशीवरच्या टाइप-२ रिसेप्टरवर बसतो. या रिसेप्टरचा (संदेश घेणाऱ्या प्रथिनाचा) कायनेज, म्हणजे फॉस्फेट लावणारा भाग, मुळातच चालू असतो, त्याला फक्त सावज हवं असतं. टीजीएफ-बीटा बसला की टाइप-१ रिसेप्टर जवळ ओढला जातो आणि त्यावर फॉस्फेट चिकटतं. हा टाइप-१ म्हणजे बहुतेक पेशींत एएलके-५. तो पुढे स्मॅड-२ आणि स्मॅड-३ या निरोप्या प्रथिनांना फॉस्फेट लावतो, ते स्मॅड-४ ला सोबत घेऊन केंद्रकात शिरतात. तिथे स्नेल, स्लग, ट्विस्ट ही इतर जनुकं नियंत्रित करणारी प्रथिनं वाढतात. परिणाम दोन बाजूंनी दिसतो. अस्तरपेशीची ओळख असलेली व्हीई-कॅडहेरिन आणि सीडी-३१ ही प्रथिनं घटतात, आणि स्नायूपेशीची खूण असलेलं अल्फा-एसएमए व तंतूंची प्रथिनं फायब्रोनेक्टिन आणि कोलॅजन-१ वाढतात. अस्तरपेशीतून तंतू बनवणाऱ्या पेशीकडे जाणाऱ्या या संक्रमणाला एंड-एमटी म्हणतात. स्मॅड हे नाव, जाता जाता सांगते, एका सूत्रकृमीच्या आणि एका फळमाशीच्या जनुकांची नावं जोडून तयार झालं आहे. माणसाच्या हृदयाचा अभ्यास करताना अळी आणि माशीचे उपकार विसरायचे नाहीत.

अस्तरपेशींचं एक वेगळेपण आहे, आणि परीक्षेत तेच सुटतं. त्यांच्याकडे एएलके-५ सोबत एएलके-१ हा रिसेप्टरही असतो. तो स्मॅड-१ आणि ५ कडे संदेश नेतो, आणि त्याचा खरा जोडीदार बीएमपी-९ हा टीजीएफ-बीटाच्याच कुळातला वाढघटक. कोणत्या फाट्यावर किती वाहतूक जाते, यावर पेशीचं वागणं ठरतं. हा तोल किती नाजूक आहे ते रुग्णांत दिसतं. एएलके-१ किंवा त्याच्या मदतनीस एंडोग्लिनच्या जनुकात दोष असेल तर वारंवार घोळणा फुटणारा आनुवंशिक रक्तस्रावी आजार होतो. बीएमपीच्या बीएमपीआर-२ या रिसेप्टरमधला दोष फुफ्फुसातल्या धमन्यांच्या उच्च रक्तदाबाशी जोडलेला आहे, हे २००० साली कळलं.

आणि ब्रेक? ब्रेक पेशी स्वतःच बनवते. स्मॅडचा संदेश केंद्रकात पोचला की स्मॅड-७ तयार होतो, आणि तो जाऊन रिसेप्टरलाच अडवतो. निरोगी पेशीत संदेश येतो, काम करतो, विझतो. जखम भरायला तो हवाच.

इथे आमच्या त्याच विद्यार्थिनीने मला शिकवलं. सोलापूरच्या पूर्व भागात तिच्या घरी आजोबांचे माग होते. म्हणाली, "मॅडम, हे खळीसारखं आहे." मागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला खळ देतात, नाहीतर सूत घर्षणाने तुटतं. पण विणून झालं की खळ धुऊन काढावी लागते. नाही काढली तर कापड कडक राहतं. नवाकोरा टॉवेल पाणी टिपत नाही, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. जखमेभोवती बसणारं फायब्रोनेक्टिन-कोलॅजनचं जाळं ही खळ. ती द्यायचीही असते आणि काढायचीही. फायब्रोसिस म्हणजे न धुतलेली खळ. मी वर्गात अजून हेच उदाहरण देते, तिचं नाव न घेता.

आधी एक वाक्य लिहा

प्रश्न एका वाक्यात मावला पाहिजे. "टीजीएफ-बीटाचा रक्तवाहिन्यांवर परिणाम" हा प्रश्न नव्हे, तो विषय झाला. "सहा दिवस टीजीएफ-बीटा दिल्यावर अस्तरपेशींत होणारा बदल एएलके-५ वर अवलंबून आहे का, आणि दोन दिवसांनी टीजीएफ-बीटा काढून घेतला तर तो उलटतो का?" हा प्रश्न. यातला प्रत्येक शब्द प्लेटमधल्या एका खड्ड्याला (पेशी वाढतात त्या खळग्याला) नेमून देता येतो.

पेशी

सर्वांत सोयीच्या ह्युव्हेक, म्हणजे नाळेतल्या शिरेच्या अस्तरपेशी. त्या प्रयोगशाळेत वाढवण्याची पद्धत १९७३ मध्ये जाफी आणि सहकाऱ्यांनी मांडली आणि आजही ती ओळखू येईल इतकी तशीच आहे. दोन वाटा आहेत. गोठवलेली कुपी विकत घ्या किंवा नाळेतून स्वतः काढा.

विकत घेणार असाल तर कुपी ड्राय आइसमध्ये येते. ड्राय आइस दर तासाला उडत जातो. शुक्रवारी निघालेलं पार्सल शनिवार-रविवार गोदामात पडतं आणि सोमवारी तुमच्या हाती ओलसर खोका येतो. आमच्याकडे असं एकदा झालं, कुपीतल्या पेशी एकही चिकटल्या नाहीत. तेव्हापासून ऑर्डर सोमवारीच निघेल हे फोनवर पक्कं करते. आणि गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात काही मागवत नाही. वाहतूक वळवलेली असते आणि पार्सलवाला "उद्या येतो मॅडम" म्हणतो.

नाळ घेणार असाल तर आधी नैतिक समितीची परवानगी आणि आईची लेखी संमती. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. "नाहीतरी फेकूनच देतात की" हा युक्तिवाद चालत नाही. संमतीपत्र मराठीत हवं, आणि गरज असेल तिथे तेलुगू किंवा कन्नडमध्येही. आपल्या शहरात ही गरज रोजची आहे. संमती प्रसूतीच्या कळा सुरू झाल्यावर मागू नका, आधीच्या तपासणीच्या वेळी मागा.

नाळ हातात आली की कापलेल्या टोकाकडे नीट बघा. तीन तोंडं दिसतील. दोन लहान, जाड भिंतीची, आवळलेली: त्या धमन्या. एक मोठं, पातळ भिंतीचं, सैल: ती शीर. सुई त्यात घालायची. चिमट्याचे वळ असलेला भाग कापून टाका. बफरने रक्त धुऊन काढा, मग कोलॅजिनेज (कोलॅजन तोडणारं विकर) भरून ३७ डिग्रीला दहा ते पंधरा मिनिटं. वेळ वाढवाल तर अस्तराखालच्या स्नायूपेशी आणि फायब्रोब्लास्टही (तंतू बनवणाऱ्या पेशी) सुटून येतील, आणि पुढचा सगळा प्रयोग त्या नासवतील. का, ते निकालाच्या भागात येईल.

जिलेटिन लावलेल्या प्लेटवर वाढवा. दुसऱ्या ते पाचव्या पॅसेजपर्यंतच (पॅसेज म्हणजे पेशी नव्या प्लेटवर हलवण्याची खेप) प्रयोग करा. म्हाताऱ्या होत गेलेल्या पेशी आपोआप पसरट होतात आणि त्यांचं उत्तर बदलतं. मायकोप्लाझ्मा या लपून वाढणाऱ्या जिवाणूची चाचणी करा. शुद्धता सीडी-३१ ने तपासा.

माध्यम: निम्मे प्रयोग इथेच बुडतात

अस्तरपेशींसाठी मिळणाऱ्या तयार माध्यमात एफजीएफ-२ व व्हीईजीएफ हे वाढघटक, हायड्रोकॉर्टिसोन असं बरंच काही असतं, पेशी सुखात राहाव्यात म्हणून. यातला एफजीएफ-२ हा टीजीएफ-बीटाचा सख्खा विरोधक आहे. अस्तरपेशीत एफजीएफचा संदेश चालू असेपर्यंत टीजीएफ-बीटाच्या रिसेप्टरचं प्रमाण दाबलेलं राहतं. तुम्ही एका हाताने टीजीएफ-बीटा देता आणि दुसऱ्या हाताने त्याचं तोंड दाबता. मग सहा दिवस काही होत नाही आणि दोष कुपीला दिला जातो.

उलट बाजूने, सीरममध्ये टीजीएफ-बीटा स्वतःच असतो. प्लेटलेट्स त्याचं मोठं कोठार आहेत, आणि सीरम बनतं रक्त गोठल्यावर. म्हणजे तुमचा कंट्रोलही पूर्णपणे कोरा नसतो.

मी काय करते: पेशी पूर्ण माध्यमात ऐंशी टक्के भरेपर्यंत वाढवते. मग एफजीएफ-२ न घातलेलं, एक-दोन टक्के सीरमचं माध्यम देते आणि रात्रभर थांबते. त्यानंतरच टीजीएफ-बीटा. प्लेट गच्च भरू देऊ नका आणि अगदी विरळही ठेवू नका. विरळ पेशी आपणहूनच हातपाय पसरतात.

कोलॅजन मोजायचा असेल तर ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व, घाला, मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास. बऱ्याच माध्यमांत ते नसतं किंवा टिकत नाही, आणि त्याच्याशिवाय कोलॅजनच्या साखळ्या नीट पिळल्या जात नाहीत. स्कर्व्हीमध्ये हिरड्यांचं जे होतं तेच तुमच्या प्लेटमध्ये होईल.

टीजीएफ-बीटा विरघळवणं

हा भाग सावकाश वाचा. कुपीत २ मायक्रोग्रॅम पावडर असते, बहुतेकदा डोळ्यांना दिसतही नाही. झाकण उघडण्याआधी कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये थोडी फिरवा, नाहीतर पावडर झाकणाला चिकटलेली असेल ती टिश्यू पेपरवर जाईल. विरघळवायचं ते पाण्यात नव्हे, ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, आणि त्यात मिलिलिटरला १ मिलिग्रॅम बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन). आम्ल कशाला? साध्या बफरमध्ये हा रेणू नीट विरघळत नाही. बीएसए कशाला? टीजीएफ-बीटा प्लास्टिकला चिकटतो. बीएसए आधी जाऊन भिंत अडवतो.

आता हिशोब. १०० मायक्रोलिटरमध्ये विरघळवलं तर एका मायक्रोलिटरमध्ये २० नॅनोग्रॅम. सहा खड्ड्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खड्ड्यात २ मिलिलिटर माध्यम, हवं ते मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम, म्हणजे खड्ड्याला २० नॅनोग्रॅम. एक मायक्रोलिटर झाला. पण एक मायक्रोलिटर पिपेटने अचूक जात नाही, हात कितीही स्थिर असो. म्हणून वापरायच्या वेळी बीएसए असलेल्या माध्यमात दहापट पातळ करा आणि खड्ड्याला १० मायक्रोलिटर द्या. उरलेला साठा दहा-दहा मायक्रोलिटरच्या नळ्यांत वाटून उणे ८० ला. एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवायची नाही.

माध्यम दर ४८ तासांनी बदलायचं आणि प्रत्येक वेळी ताजा टीजीएफ-बीटा घालायचा. दिवस ०, २ आणि ४. सहा खड्डे सहा दिवस चालवले तर ३६० नॅनोग्रॅम लागतो. दोन मायक्रोग्रॅमची कुपी अशा पाच प्रयोगांना पुरते. गाईडकडे दुसरी कुपी मागण्याआधी हा हिशोब दाखवा, बोलणं सोपं जातं.

ह्युव्हेक कधीकधी एकट्या टीजीएफ-बीटा १ ला दाद देत नाहीत. काहीजण टीजीएफ-बीटा २ वापरतात, काही सोबत दाह वाढवणारा आयएल-१ बीटा घालतात. दोन्ही चालतं, मात्र मग आयएल-१ बीटा एकटा दिलेला गटही लागतो.

प्लेट मांडणं

किमान पाच गट. पहिला, फक्त वाहक: तेवढंच आम्ल, तेवढाच बीएसए, तेवढंच डीएमएसओ (अडवणाऱ्या औषधाचं द्रावक). दुसरा, टीजीएफ-बीटा. तिसरा, टीजीएफ-बीटा आणि एएलके-५ अडवणारा एसबी-४३१५४२. चौथा, एसबी एकटा. पाचवा, दोन दिवस टीजीएफ-बीटा, मग दोनदा धुऊन पुढचे चार दिवस साधं माध्यम.

एसबी १० मायक्रोमोलर पुरे. डीएमएसओमधला साठा १० मिलिमोलर केला की हजारपट पातळ होतो, म्हणजे २ मिलिलिटरला २ मायक्रोलिटर, आणि डीएमएसओ ०.१ टक्का. हा ०.१ टक्का सगळ्या खड्ड्यांत सारखा हवा. एसबी टीजीएफ-बीटाच्या अर्धा-एक तास आधी द्या. आणि हे लक्षात असू द्या की तो एएलके-४ आणि ७ लाही अडवतो. "फक्त एएलके-५" असं प्रबंधात लिहिलंत तर परीक्षक बरोबर तिथेच बोट ठेवतील. पैसा आणि वेळ असेल तर सायआरएनएने (जनुक गप्प करणाऱ्या छोट्या आरएनएने) एएलके-५ घटवून तेच उत्तर मिळतं का बघा.

पाचवा गट बहुतेक प्रकल्पांत नसतो. मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. खळ धुतली जाते की नाही, ते तिथेच कळतं.

घड्याळ

प्रत्येक गोष्टीची वेळ वेगळी. फॉस्फो-स्मॅड-२ (फॉस्फेट लागलेला स्मॅड-२) अर्ध्या ते एका तासात चढतो आणि मग उतरू लागतो. स्नेलचा आरएनए काही तासांत. अल्फा-एसएमए प्रथिन दिसायला तीन दिवस, कधी सहा. सहाव्या दिवशी फॉस्फो-स्मॅड मोजून "संदेश गेलाच नाही" असं म्हणणारे दरवर्षी भेटतात. पाहुणा जेवून गेल्यावर ताट मांडण्यासारखं आहे ते.

म्हणून दोन प्लेट. एक छोटी: ०, ३० आणि ६० मिनिटं. एक मोठी: सहा दिवसांची. छोटी आधी करा. तिच्यात फॉस्फो-स्मॅड चढला नाही तर मोठी लावूच नका, कुपी किंवा माध्यम तपासा.

एक सोलापुरी सूचना. सहा दिवसांची प्लेट लावण्याआधी वीजपुरवठा कधी बंद राहणार आहे याची चौकशी करा, आणि इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर आहे याची स्वतः खात्री करा. खोलीत स्वस्तातला का असेना, एक साधा थर्मामीटर टांगा आणि वहीत सकाळ-दुपार-संध्याकाळ आकडा लिहा.

मोजमाप

वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखणं. प्लेट बर्फावर ठेवून पेशी फोडा आणि बफरमध्ये फॉस्फेटेज अडवणारं मिश्रण घाला, नाहीतर स्मॅडवरचं फॉस्फेट तुमच्या डोळ्यांदेखत निघून जाईल. फॉस्फो-प्रतिपिंड वापरताना ब्लॉक करायला दुधाची पावडर नको, बीएसए घ्या. दुधातलं केसीन हे स्वतःच फॉस्फेटयुक्त प्रथिन आहे आणि पार्श्वभूमी काळी करतं. फॉस्फो-स्मॅड-२ च्या शेजारी एकूण स्मॅड-२ हवाच.

आता सापळा. अल्फा-एसएमए ४२ किलोडाल्टनला दिसतो. आपण सगळे डोळे झाकून कंट्रोल म्हणून कोणतं प्रथिन घेतो? बीटा-ॲक्टिन. तोही ४२ च्याच आसपास. दोघेही ॲक्टिनच, सख्खी भावंडं. एकाच पट्टीवर आधी अल्फा-एसएमए बघितला, नीट धुतला गेला नाही आणि वर बीटा-ॲक्टिन लावला, तर पट्टा कुणाचा हे देवालाही सांगता येणार नाही. आमच्या एका विद्यार्थ्याचे सगळे खड्डे एकसारखे आले होते. आम्ही दोन आठवडे पेशींना दोष देत होतो. कंट्रोलसाठी ३७ वरचा जीएपीडीएच घ्या, व्हिन्क्युलिन घ्या, नाहीतर एकूण प्रथिनांचा रंग घ्या.

क्यूपीसीआर, म्हणजे एखाद्या जनुकाचा आरएनए किती ते मोजणं. एक सायकलचा फरक म्हणजे दुप्पट, तीनचा म्हणजे आठपट. पण पट कशाची? अल्फा-एसएमएचा सीटी (संकेत दिसू लागतो ती सायकल) ३४ वरून ३२ वर आला तर चौपट वाढ झाली, आलेखात खांब उंच दिसेल, आणि पेशीत मात्र अजूनही जवळजवळ काहीच नाही. कच्चे सीटी आकडे नेहमी सोबत ठेवा.

इम्युनोफ्लुरोसन्स, म्हणजे चमकत्या प्रतिपिंडांनी पेशी रंगवणं. सीडी-३१ आणि अल्फा-एसएमए एकाच पेशीत, दोन रंगांत. हे वेळखाऊ आहे, पण याला पर्याय नाही. ब्लॉट सांगतो की खड्ड्यात अल्फा-एसएमए वाढला. कुणात वाढला, ते फक्त चित्र सांगतं. किमान पाच जागा, आधीच ठरवलेल्या, म्हणजे देखण्या पेशी शोधत फिरायचा मोह होत नाही.

आणि एन, म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या. एका नाळेच्या पेशींचे तीन खड्डे म्हणजे तीन नव्हेत, एकच. तीन वेगळ्या नाळा म्हणजे तीन.

निकाल वाचताना

सीडी-३१ घटला, अल्फा-एसएमए वाढला, एसबीने दोन्ही थांबले: उत्तम, रस्ता एएलके-५ सारख्या रिसेप्टरवरून जातो एवढं म्हणता येईल.

सीडी-३१ घटला पण अल्फा-एसएमए आलाच नाही: हे अपयश नव्हे. अर्धवट संक्रमण ही खरी आणि वरचेवर दिसणारी अवस्था आहे. पेशी अस्तर सोडते, पण पूर्ण मायोफायब्रोब्लास्ट (आकुंचन पावणारी, तंतू बनवणारी पेशी) होत नाही. तसंच लिहा, ओढूनताणून पूर्ण करू नका.

अल्फा-एसएमए थोड्याच पेशींत, पण झगझगीत, आणि त्या पेशींत सीडी-३१ चा मागमूस नाही, शिवाय कंट्रोलमध्येही अशा तुरळक पेशी आहेत: सावध. या बहुधा नाळेतून घसरून आलेल्या स्नायूपेशी किंवा फायब्रोब्लास्ट आहेत. टीजीएफ-बीटाने अस्तरपेशींची वाढ रोखली जाते आणि या उपऱ्यांचं फावतं. सहा दिवसांत टक्केवारी बदलते आणि आपण "संक्रमण झालं" म्हणून मोकळे होतो. वर कोलॅजिनेजची वेळ सांगितली ती यासाठी.

एसबी देऊनही बदल झाला: उष्णता, उपासमार, घनता तपासा. मगच स्मॅडबाहेरच्या ईआरके, पी-३८ किंवा रो-ए या वाटांचा विचार करा. उलट क्रमाने गेलात तर वर्ष जाईल.

पाचव्या गटात बदल उलटला तर संदेश चालू असेपर्यंतच बदल टिकत होता. नाही उलटला तर माध्यमात टीजीएफ-बीटा उरला होता का, की पेशी आता स्वतःच तो बनवून स्वतःलाच पाजत आहेत, हे बघावं लागेल. इथे टीजीएफ-बीटा धुऊन काढल्यावर एसबी घालून पाहा. तेव्हा बदल उलटला तर संदेश अजून चालू होता एवढं कळतं; तो उरलेल्या टीजीएफ-बीटाचा की पेशींच्या स्वतःच्या, हे मात्र त्यातून कळत नाही.

एक शक्यता मात्र या प्लेटला दिसतच नाही. अस्तरपेशी स्वतः न बदलताही शेजाऱ्यांना कामाला लावू शकते. सीटीजीएफ हा वाढघटक १९९१ मध्ये प्रथम सापडला तोच मुळी ह्युव्हेक वाढवलेल्या माध्यमात. पीडीजीएफ-बी आणि एंडोथेलिन-१ हेही अस्तरपेशी सोडतात, आणि शेजारच्या पेरिसाइट (बारीक रक्तवाहिन्यांना बिलगलेल्या पेशी) व फायब्रोब्लास्ट त्याला ओ देतात. तपासायचं असेल तर उपचार केलेल्या पेशींचं माध्यम फायब्रोब्लास्टवर घाला. पण थेट घालाल तर त्यात तुम्हीच टाकलेला टीजीएफ-बीटा असेल. आधी धुवा, नवं साधं माध्यम चोवीस तास ठेवा, मग तेच गोळा करा.

डिशमधून माणसाकडे जाताना

२००७ मध्ये उंदरांवरच्या कामातून असं मांडलं गेलं की हृदयातल्या फायब्रोसिसमधले काही फायब्रोब्लास्ट अस्तरपेशींतून येतात आणि बीएमपी-७ ने ते रोखता येतं. मोठी खळबळ झाली. पुढे २०१४ मध्ये पेशींचा वंश अधिक नेमकेपणाने शोधणाऱ्या प्रयोगांतून दिसलं की दाबामुळे होणाऱ्या हृदयाच्या फायब्रोसिसमध्ये बहुतांश पेशी आधीपासून तिथे असलेल्या फायब्रोब्लास्टच्याच वंशातल्या. याचा अर्थ एंड-एमटी खोटं, असा नाही. गर्भात हृदयाच्या झडपा अशाच संक्रमणातून घडतात. पण रोगात त्याचा वाटा अवयवागणिक बदलतो, आणि डिशमधल्या सहा दिवसांवरून तो ठरवता येत नाही. शिवाय डिशमध्ये रक्त वाहत नाही. सरळ, जोरकस प्रवाह अस्तरपेशीला शांत ठेवतो. धमनीला फाटा फुटतो तिथे प्रवाह भोवऱ्यासारखा होतो आणि बिघाडही तिथेच जास्त.

"मग टीजीएफ-बीटाच बंद करून टाकू" हा प्रश्न प्रत्येक तुकडीत एकजण विचारतो. तो शरीरभर बंद केला तर प्रतिकारशक्तीचा लगाम सुटतो, आणि प्राण्यांवरच्या अभ्यासांत एएलके-५ अडवणाऱ्या काही औषधांनी हृदयाच्या झडपांना इजा झालेली आहे. फुफ्फुसाच्या फायब्रोसिससाठी २०१४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या दोन औषधांपैकी निन्टेडॅनिब हे पीडीजीएफ, एफजीएफ आणि व्हीईजीएफ यांच्या रिसेप्टरवर काम करतं. आजाराची घसरण ते मंदावतं, बसलेले तंतू काढत नाही. २०२४ मध्ये फुफ्फुस-धमन्यांच्या उच्च रक्तदाबासाठी आलेलं सोटाटरसेप्ट वेगळ्या वाटेने जातं. ते टीजीएफ-बीटाच्याच कुळातलं ॲक्टिव्हिन पकडून ठेवतं, म्हणजे स्मॅड-२ आणि ३ कडचा भार हलका करून बीएमपीआर-२ च्या बाजूने तोल सावरायचा प्रयत्न करतं.

त्या विद्यार्थिनीने प्रयोग नोव्हेंबरात पुन्हा लावला. हवा गार होती, इन्क्युबेटर ३७.० वर. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आली, पण या वेळी धावत नाही. हातात दोन प्लेट होत्या आणि कंट्रोलची तिने वर धरली होती.